जेवणावरचा चहा

मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता. तिथे दिवसभर पांढरी वाफ तरंगायची आणि त्या वाफेतून पांढऱ्या चादरी यायच्या, जायच्या. तिथे चादरींच्या घड्या घालणाऱ्या एकीला सगळ्याजणी ढगूताई म्हणत. हाक मारली की तिचा ‘ओ’ लांबच्या गावाहून आल्यासारखा यायचा. चेहरा चादरीइतकाच पांढुरका, आणि जिना चढली की छातीचा भाता होई. चादरीचं दुसरं टोक धरायला तिची धाकटी नणंद असे. आमची वहिनी चालत नाही, तरंगते, असं ती सगळ्यांना सांगायची.

ढगूताईचं जेवण म्हणजे चिमणीचा घास. खरी भूक चहाची. शेवटचा घास गिळायच्या आत कडक चहाचा पेला हातात हवाच, मग ते जेवण सकाळचं असो की रात्रीचं. घोट उतरला की डोळे आपसूक मिटत आणि कानात तो सूर सुरू होई. मंद, पाळण्यासारखे हेलकावे खाणारा. तिची आई तिला निजवताना असाच ओठ मिटून सूर धरायची. आईला जाऊन वर्षं लोटली होती, पण वाफेत उभं राहिलं की ती चादरीच्या पलीकडेच बसलीय असं वाटे. देवाने आपल्यापुरती एक खिडकी उघडी ठेवलीय, असं ढगूताई मानायची. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की विटतात, म्हणून ती कुणाजवळ बोलली नव्हती.

शेवटी नणंदेनेच तिला ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी खालची पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. रक्त फारच कमी होतं. आधीच खाणं एवढंसं, त्यात जेवणावरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, असं त्यांनी समजावलं. चहा सोडायला नको, पण जेवणापासून तास-दोन तास लांब ठेवायचा, आणि लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. नणंद चपला घालायला बाहेर गेली, तशी ढगूताईने हळूच कानातल्या सुराचं विचारलं. रक्त कमी झालं की काहींना असा नाद ऐकू येतो, बाई म्हणाल्या. रक्त भरलं की बहुधा जाईल.

जाईल, हा एकच शब्द तिने घरी नेला. गोळ्या साखरेच्या डब्यामागे गेल्या आणि चहा जेवणाला चिकटूनच राहिला. बरं होणं म्हणजे आईला दुसऱ्यांदा पोचवून येणं. तेवढं बळ तिच्यात नव्हतं.

मग एका दुपारी ओली चादर इस्त्रीच्या तापल्या रुळात सरकवताना वाफ एकदम दाट झाली, सूर जवळ आला आणि ढगूताई पुढे कलली. नणंदेने झेप घालून तिला मागे ओढलं. त्या ओढाताणीत नणंदेचंच मनगट रुळाला लागलं.

नळाखाली ते लाल मनगट धरून ढगूताईने सगळं सांगितलं. गोळ्यांचं, चहाचं, आईचं. नणंद एरवी एका वाक्याला चार टोमणे मारणारी, पण तेव्हा तिने मोकळ्या हाताने वहिनीचा हात धरला.

“वहिनी, तुझी आई तुला निजवायला गात होती,” ती म्हणाली. “कायमची निजवायला नाही.”

त्या दिवसापासून जेवणानंतर नुसतं पाणी. चहा उन्हं कलल्यावर, दोघींचा मिळून. पहिले काही दिवस जेवण संपलं तरी संपल्यासारखं वाटेना. गोळ्यांनी तोंड कसंसंच व्हायचं. हळूहळू पायांना जमीन लागू लागली, ताटात दुसरी वाढ येऊ लागली. सूर मात्र विरत गेला, आणि एका सकाळी कान अगदी रिकामे होते. तिने देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना.

पुढे कधीतरी, वाफेत, दोघी एक मोठी चादर झटकत होत्या. नणंदेचे हात मध्येच थांबले.

“का थांबलीस?” ढगूताईने विचारलं.

“तूच थांबलीस,” पलीकडून आवाज आला. “गुणगुणत होतीस ना. पुढचं म्हण की.”

ढगूताईने श्वास घेतला. तो आता पुरत होता. तिने ओठ मिटले आणि चादरीचं आपलं टोक उचललं.