ट्रकमधला पिवळा दिवा

आमचा ट्रक जुना. ह्यांची कंपनी बंद पडल्यावर ह्यांनी तो सेकंडहँड घेतला आणि चाकणच्या एका कारखान्यातले सुटे भाग तळेगावच्या गोदामात पोचवायचं रोजचं काम धरलं. घर त्याच्यावरच चालायचं. मी संत तुकाराम नगरात शिवणाचे क्लास घेते, त्याचा आपला हातभार.

गेल्या हिवाळ्यात ट्रकच्या डॅशबोर्डवर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागायला लागला. पहिल्या गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून डिझेलच्या दाबाचा सेन्सर गेलाय म्हणून सांगितलं आणि नवा बसवला. दिवा विझला, पण थोड्याच दिवसांत परत लागला. दुसरा गॅरेजवाला म्हणाला, "सेन्सर नवा आहे, म्हणजे पंपच गेला असणार. इंजिन उघडावं लागेल, दादा, खर्च मोठा आहे."

तेव्हापासून हे जेवताना बोलेनासे झाले. विचारलं की म्हणायचे, "आता लागत नाही दिवा."

एका रविवारी मी केबिन पुसायला चढले, तर दिव्याच्या जागी काळी चिकटपट्टी लावलेली.

"अहो, हे काय?"

"सारखा डोळ्यांत खुपतो."

"म्हणून झाकून ठेवायचा?"

"बघून तरी काय करू?" एवढंच म्हणाले आणि खाली उतरले.

मी पट्टी काढून टाकली. सोमवारी क्लासला सुट्टी दिली आणि ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. ह्यांना ते आवडलं नाही. 

चाकणपर्यंत गाडी रिकामी होती, दिवा लागला नाही. कारखान्यात माल भरला आणि आम्ही तळेगावच्या रस्त्याला लागलो. खड्डे सुरू झाले तसा दिवा लागला. पुढच्या चढावर गाडी पिकअपच घेईना. मागे कंटेनरवाले हॉर्नवर हॉर्न वाजवत होते, हे ॲक्सिलरेटर दाबत होते आणि गाडी रांगत होती. थंडीतही ह्यांच्या मानेवर घाम आला होता. कशीबशी गाडी बाजूला घेऊन बंद केली. थोड्या वेळाने चालू केली तर नीट चालली. हे रोज हेच सोसत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

परतताना तेच खड्डे, पण गाडी रिकामी. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही मी गेले आणि पुन्हा तसंच घडलं.

"माल असला आणि खड्डे आले, की मगच होतं हे," मी म्हटलं.

"योगायोग असेल."

"मग भरलेली गाडीच दाखवू कुणाला तरी."

चाकणला वाटेवरच एक वायरिंगवाला होता. पुढच्या फेरीला माल भरून मी गाडी तिथे थांबवायला लावली. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पंप खराब असता तर तो रस्ता बघून बिघडला नसता, ताई." इंजिन चालू ठेवून तो एकेक वायर हलवत गेला. एका जागी हात लागला आणि दिवा पेटला. वायरींचा जुडगा एका लोखंडी पट्टीवर घासत होता. वरचं आवरण सोलवटून आतली तार उघडी पडली होती. गाडी भरलेली असताना दणका बसला की तार लोखंडाला टेकायची. त्याने तेवढा तुकडा बदलला, वर नळी चढवली आणि जुडगा पट्टीपासून लांब बांधला. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं.

मला हसू आलं. हे मात्र केबिनच्या पायरीवर बसून राहिले.

"शनिवारीच मी कारखान्यातल्या सुपरवायझरला सांगून आलो," ते म्हणाले. "महिनाअखेरीपासून आपली गाडी येणार नाही म्हणून."

"आणि मला?"

"तुला काय सांगणार होतो? इंजिन गेलं म्हणून? माल वाटेत अडकला असता तर त्यांनी हाकललंच असतं. म्हटलं, त्यापेक्षा आपणच..."

 मला राग आला होता, पण त्या चेहऱ्याकडे बघून तो काढता येईना. सुपरवायझरला परत विचारा म्हणून मी फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडचा माणूस वाईट नव्हता. "भाऊ, दुसरी गाडी ठरवली राव. आधी बोलायचं ना," तो म्हणाला. मग आम्ही तो माल घेऊन तळेगावला गेलो. खड्डे आले, चढही आला, गाडी झोकात चढली. 

आता हे चाकणला नाक्यावर गाडी लावतात. कधी भाडं मिळतं, कधी दुपारीच घरी येतात. कंपनी बंद पडली तेव्हा शिव्या द्यायला निदान मालक तरी होता. हे काम ह्यांनी आपल्या हाताने सोडलं, आणि ते ह्यांच्या मनातून जात नाही.

एक मात्र बदललं. घरी आले की हे गाडीचं सगळं सांगतात, ब्रेक कसा वाजला, कुठला टायर झिजला. मला त्यातलं निम्मं कळत नाही. सांगता सांगता कधी मध्येच गप्प होतात. तेव्हा मी हातातलं शिवण बाजूला ठेवते आणि थांबते.