ओठ मिटलेले, दात सुटे

भिंत वीतभर जाडीची, आणि पलीकडच्या मावशीचे कान तेव्हा अजून शाबूत होते. त्यामुळे कवळीवाल्याच्या घरातलं ते सकाळचं भांडण तिला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"रात्रभर तोंडात खडी दळत होतात," बायको म्हणत होती. "शेवटी मी उशी घेऊन स्वयंपाकघरात जाऊन झोपले."

"झोपेत मी काय करतो ते मला काय ठाऊक? मी झोपलेला असतो."

"मला ठाऊक आहे ना. मी जागी असते."

"मग कानात बोळे घाल."

"आणि तुमच्या दातांत काय घालू?"

मावशी पातेलं घासता घासता हसली, पण तिला तेव्हाच वाटलं, हे भांडण दातांचं नाही, दुसऱ्याच कशाचं तरी आहे.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. हा त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, मग मेण काढून त्याजागी गुलाबी हिरडी पक्की करायचा. मागच्या खोलीत फळीवर पाच-पन्नास जबडे ओळीनं मांडलेले असायचे. नवं माणूस आत आलं की दचकायचं. बायकोला मात्र त्यांचं काही नव्हतं. केरसुणी फिरवताना त्यांना ती "जरा सरका" म्हणायची.

हात त्याचा सोन्याचा, पण तोंडातून 'नाही' म्हणून निघायचं नाही. चार डॉक्टर, आणि चौघांनाही काम आजच हवं. फोन वाजला की "हो हो, संध्याकाळी देतो," आणि फोन ठेवला की जबडा आवळून कामाला. लोक काळजी डोक्यात ठेवतात, ह्यानं ती दातांत ठेवली होती. दुपार होईतो कानशिलं ठणकायची. मग एक गोळी, वर चहा, की पुन्हा तेच.

साच्याच्या बुडाला पेन्सिलीनं नाव लिहायचं, हा त्याचा नेम. एके दिवशी दोन साचे समोर, हात मेणात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये, आणि पलीकडे चौघांतल्या डॉक्टरीणबाईंची घाई. त्या गडबडीत त्यानं दोन्ही नावं अदलाबदल करून लिहिली. एक साचा शेजारच्या मावशीचा होता, दुसरा एका निवृत्त मुख्याध्यापकांचा.

मावशीनं दवाखान्यात कवळी तोंडात घातली आणि लगेच बाहेर काढली. "हे दात माझे नाहीत," ती म्हणाली. "कुणातरी शिस्तीच्या माणसाचे आहेत. आत गेल्यापासून मलाच दटावतायत."

मुख्याध्यापकांचं दुसऱ्या दिवशी भाषण होतं. ते त्यांना बोळक्या तोंडानं करावं लागलं, आणि समोर बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांनी इतक्या वर्षांचं हसून घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर जे ऐकवायचं ते ऐकवलं. ऐकताना ह्यानं जबडा इतका आवळला की दाढेचा तुकडा पडला. खुद्द कवळीवाल्याची दाढ.

ती दाखवायला त्याला त्याच बाईंकडे जावं लागलं. बाईंचा राग अजून उतरला नव्हता, पण तोंडात आरसा घातला आणि त्यांचा आवाज बदलला.

"सगळे दात झिजून सपाट झालेत तुमचे. ही दाढ मी काढते. पण असंच चाललं तर पाच वर्षांत तुम्हाला स्वतःची कवळी बनवायला बसावं लागेल."

"तिच्यावर नाव तरी चुकणार नाही," तो म्हणाला. कुणी हसलं नाही.

घरी येताना त्यालाही हसू आलं नाही. कवळी म्हणजे काय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? लोकांना तो 'होईल सवय' म्हणून सांगत आला होता, आणि तेच लोक सहा-सहा महिने पेलाभर पाण्यात दात बुडवून पेज पिताना त्यानं पाहिले होते. वय त्याचं अवघं बेचाळीस.

बाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. झोपताना दातांवर प्लास्टिकची पातळ पट्टी चढवायची, आणि दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे. जेवताना सोडून एरवी वरचे दात खालच्यांना टेकता कामा नयेत. पट्टी त्यानं स्वतःच केली, आणि ती इतकी घासूनपुसून की तीन दिवस लावले. "माझी झोप तीन दिवस लांबली," बायको म्हणाली.

दुसरी गोष्ट अवघड. कामात असताना दात टेकलेत हे कळणार कसं? त्यानं मेण कोरायच्या सुरीला लाल दोरा बांधला. दोरा दिसला की जबडा तपासायचा. पहिल्या दिवशी दर वेळी आवळलेलाच सापडला.

"अरे, तोंड तुझं, आणि आवळतोस डॉक्टरांसाठी," मावशी म्हणाली. "तो फोन आधी खोलीबाहेर काढ."

फोन बायकोकडे गेला. "ते आत्ता मेणात आहेत," ती सांगायची, "बारा वाजता स्वतः फोन करतील." आणि आठवड्याला सहाच कवळ्या, सातवी पुढच्या आठवड्यात, हेही ठरलं. चौघांतल्या एका डॉक्टरांनी बारा वाजता त्याला चांगलंच फैलावर घेतलं. दुसरीकडे काम देईन म्हणाले.

"द्या साहेब," हा म्हणाला. फोन ठेवला आणि तो परत मेणाकडे वळला.

ते डॉक्टर गेले ते गेलेच. महिनाभर फळी ओकीबोकी, आणि त्या काळजीनं दात आणखीच आवळले जायचे. सकाळी बायको पट्टी उजेडात धरून त्याला त्यावरचे नवे ओरखडे दाखवायची. "आपण फोन परत आत घेऊ या का?" त्यानं एकदा विचारलं. तिनं पट्टी धुतली, पुसली आणि डबीत ठेवली. फोन बाहेरच राहिला.

मग त्यानं स्कूटर भाच्याला देऊन टाकली. कवळी पोचवायला तो पायी जाऊ लागला, पाचच्या ठोक्याला, वीस मिनिटांची वाट, इस्त्रीवाल्याच्या दुकानावरून, शाळेच्या कुंपणाच्या कडेनं. वाटेत घाईचं काही बोलायचं नाही, हा त्याचा नियम. सहा महिन्यांनी पट्टीवरचे ओरखडे विरळ झाले. डोकेदुखीच्या गोळ्यांचं पाकीट कपाटात पडून त्याची तारीख उलटली. बायकोची उशी खोलीत परत आली.

स्वभाव काही पालटला नाही. कुणी आवाज चढवला की आधी जबडा मिटायचा आणि मग त्याला कळायचं. पण कळायचं.

अशी सदतीस वर्षं गेली. एकोणऐंशीव्या वर्षी, ती एक दाढ सोडली तर सगळे दात आपलेच घेऊन, तो एका संध्याकाळी खोका काखेत मारून निघाला. ती त्याची शेवटची खेप ठरायची होती, पण ते कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. दवाखान्यात आता डॉक्टरीणबाईंची सून बसायची. खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ होते. ह्यानं कवळी बसवून दिली, उच्चार ऐकायला त्यांना शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले आणि दात हळूच मिटायला सांगितले.

"बोचतंय?"

"उजवीकडे, जरासं."

त्यानं कवळी काढली, खिडकीपाशी नेली, कानस तीनदा फिरवली, फुंकर मारली, धुतली आणि परत बसवली.

"आता?"

"आता बरंय."

"दोन दिवस मऊ खा. बोचलं तर सहन करत बसू नका, निरोप पाठवा."

वहीवर सही घेऊन त्यानं खोका बंद केला. "पुढची गुरुवारी आणतो," तो म्हणाला. "बुधवारी नाही जमायची." मग कठड्याला धरून एकेक पायरी करत तो जिना उतरला आणि शाळेच्या कुंपणाच्या कडेनं घरी निघाला.