पहिल्या हाकेला वळायचं नाही

घाटकोपरला माझं टाइल्सचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या गोदामात पेट्या उचलण्यापासून झाली, त्यामुळे धंदा मला कुणी शिकवला नाही; बघून शिकलो. त्यातल्या दोन गोष्टी मी डोळे मिटून मानायचो. चांगला माल समोर मांडलेला नसतो, तो आत असतो आणि हट्ट धरणाऱ्यालाच दाखवतात. दुसरी, सौदा जमेना तर उठून चालू लागायचं. मागून हाक येते. पहिल्या हाकेला वळायचं नाही, दुसरीला वळायचं.

मुलगी आठ वर्षांची असताना मुलुंडला आमच्या सोसायटीच्या आवारात सायकलवरून पडली. वरचा पुढचा दात, नुकताच आलेला, कायमचा, अर्धा तुटला. तुटल्या जागी मधोमध लाल ठिपका दिसत होता. तिला तशीच स्कूटरवर बसवून मी जवळच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

बाईंनी तिच्या हातात आरसा दिला. "हा लाल ठिपका बघ. दात आतून जिवंत असतो. तुझा उघडा पडलाय. आपण औषध लावून तो बंद करू, म्हणजे जगेल, त्याचं मूळही वाढेल." पोरीने मान हलवली. मग तिचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून बाई सांगत बसल्या, की सकाळी त्या एका प्रयोगशाळेत जातात. तिथे दातातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, एका द्रवात वाढवतात. त्या पेशींमधून काहीतरी पाझरतं, आणि ते पाझरलेलं द्रव्य दुखावलेल्या दाताची आतली सूज उतरवतं का, ते तपासतात.

माझे कान टवकारले. "मग तेच लावा."

"ते अजून माणसांसाठी नाही हो. प्रयोगशाळेतच आहे."

"पण आहे ना? आणि तुमच्याकडेच आहे."

"हिला आज जे हवंय ते इथे आहे. नेहमीच्या वापरातलं आहे, चांगलं आहे."

"मॅडम, भाव बोला. मी मागे हटणारा माणूस नाही."

बाईंनी चष्मा काढला. "हे दुकान नाही."

झालं, माझं डोकं फिरलं. 'तुम्हाला कळत नाही' हे लोक मला किती तऱ्हांनी सांगत आले होते, त्यातलीच ही एक वाटली. "नेहमीचं आम्हाला, आणि आतलं कुणाला?" असं म्हणून मी पोरीला खुर्चीवरून उतरवलं आणि निघालो.

जिन्यापाशी पोचलो तोच हाक आली. "अहो, थांबा! दात आजच बंद करून घ्या, उघडा ठेवू नका!"

पोरीची मान मागे वळू लागली. मी तिचा हात घट्ट दाबला आणि पायऱ्या उतरलो.

दुसरी हाक आली नाही.

माझा नंबर त्यांच्या केसपेपरवर होता. बाई फोन करतील, या खात्रीवर मी तीन दिवस काढले. बायको म्हणाली, "निदान दुसरीकडे तरी न्या. दात काय टाइल आहे, फुटली की दुसरी बसवायला?" मी तिच्यावरच ओरडलो. चौथ्या दिवशी हिरडी सुजली, ताप चढला. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, दात आतून मेला. रूट कॅनल झालं. मूळ वाढायचं राहिलं ते राहिलंच. हळूहळू दात काळपट पडला, आणि पोरगी हसताना वरचा ओठ खाली ओढून घ्यायला शिकली.

गेल्या महिन्यात, ती सोळाची झाल्यावर, बायकोने त्याच बाईंकडे जायचा हट्ट धरला. मुलीला घेऊन मीच गेलो. बाईंनी ओळखलं आणि मुलीला खुर्चीवर बसवलं. तपासून झाल्यावर मला राहवलं नाही.

"ते तुमचं औषध आलं का बाजारात?"

"नाही. काम चालू आहे अजून."

"आलं, तर हिच्या दाताला?"

"सूज उतरवायला आत काही जिवंत असावं लागतं," बाई म्हणाल्या.

म्हणजे त्या दिवशी आत लपवलेलं काही नव्हतंच. जे होतं ते त्यांनी समोरच मांडलं होतं. तरीही, खरं सांगायचं तर, माझा राग गेलेला नाही. बाईंनी अजून एक हाक मारायला हवी होती, असं मनात येतंच. पण त्यांनी ती का म्हणून मारावी, हेही मनात येतं.

जिना उतरताना मुलीने माझा हात धरला. "पप्पा, त्या दिवशी इथेच तुम्ही माझा हात दाबला होतात, आठवतं? मी इतकी घाबरले होते ना. तेवढ्यानेच जरा धीर आला."

मी "हं" म्हटलं.

तो हात कशासाठी दाबला होता, हे तिला कळेल ते आता हे वाचूनच.