वर थांबलेला हात

माझ्या मेहुण्याचं दाढी-कटिंगचं दुकान आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गोल्फ खेळायचं खूळ. बरा खेळायचा की. पण नव्या कोचने त्याचा स्विंगच मोडीत काढला. मनगट सैल ठेव, स्टिक वर नेलीस की क्षणभर थांब, मग खाली आण. झालं. जुना स्विंग गेला, नवा काही येईना. चेंडूसमोर उभं राहिलं की त्याचे हातपाय गार पडायचे.

परवा मी दुकानात बसलो होतो. खुर्चीत तोच कोच, मान मागे टाकलेली, गळ्याला फेस. एरवी गप्पा मारत दाढ्या उरकणाऱ्या मेहुण्याने वस्तरा उचलला, आणि हात वरच थांबला. मनगट सैल. पातं खाली येईना. आरशात त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला.

कोचने एक डोळा उघडला, पात्याकडे पाहिलं आणि मान तसूभरही न हलवता पुटपुटला, “आज जुन्या पद्धतीनंच कर, बाबा.”

“तीच आठवतोय, सर,” मेहुणा म्हणाला.