मावशीची माती नापास होत नाही

आमच्या जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याभोवतीच्या शेतांतली माती मी पीएच.डी.साठी तपासली. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर पुन्हा सत्कार करतील.

मी धाराशिवच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. मातीत मुळातच थोडा किरणोत्सर्ग असतो, कुठं जास्त, कुठं कमी. तो मोजायचा, एवढंच माझं काम. पण पारावर हे समजावताना मी घोडचूक केली. "प्रत्येक रानाचा एक आकडा येईल," असं म्हणाले. आकडा म्हणजे मार्क, हे मंडळींनी परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी एकानं खत मुरलेल्या वाफ्यातली माती चाळून, कोऱ्या पिशवीत घालून आणून दिली. "पाव्हण्याला कोन पाखडल्याबिगर ज्वारी देतंय?" असा वर मलाच सवाल. मी ती तिथंच ओतली आणि स्वतः कुदळ घेऊन रानोरान वीतभर खड्डे खणत फिरले.

पहिला नंबर नको असलेली एकच बाई होती. साठी गाठलेली, कारखान्याच्या भिंतीला लागून दोन एकर रान. सगळा गाव तिला मावशी म्हणायचा, मीही म्हणायला लागले. भिंतीखालून मळीचं पाणी तिच्या रानात झिरपायचं. काळ्या जमिनीवर पांढरा थर धरला होता आणि तीन वर्षं हरभरा उगवलाच नव्हता. तक्रार घेऊन गेली की कारखान्याचे साहेब पुरावा मागायचे.

"माझी माती नापास कर पोरी," ती म्हणाली. "तेवढा कागद मिळाला की सायबाला रानात यावंच लागतंय."

"मावशी, माझं यंत्र फक्त किरण मोजतं. मळीचं पाणी त्याला कळत नाही."

"एवढं म्हागाचं यंत्र, आन् पानी कळंना व्हय? तू मोज तर."

अशी माती वाळवून, चाळून महिनाभर हवाबंद डब्यात ठेवावी लागते. हे मी लोणच्याचा दाखला देऊन समजावलं, ही दुसरी चूक. महिनाभर गावातून फोन येत राहिले: "मुरलं का?"

निकाल लागला. धोका कुठंच नव्हता आणि सगळ्यांत कमी आकडा मावशीचा होता. पारावर मी यादी वाचताच ती उठली आणि एकेकाच्या हातावर साखर ठेवू लागली. शेवटचा नंबर, म्हणजे नापास. सर्वांत जास्त आकडा आलेल्या गृहस्थांना तर कुणीतरी फेटाही बांधला. कमी आकडा चांगला असतो, हे सांगायला मला दहा मिनिटं लागली. गृहस्थांनी मुकाट्यानं फेटा सोडला. मावशी साखरेची वाटी धरून उभीच राहिली.

आठवड्याच्या आत कारखान्यानं मांडव घातला. बॅनरवर छापलं होतं, 'जिल्ह्यातील सर्वांत सुरक्षित माती'. जिल्हा मी मोजलाच नव्हता. मला शाल, मावशीला शाल, आणि तिच्या रानातली माती ताम्हणात ठेवून तिला हार. मोठ्या साहेबांनी वाकून नमस्कारही केला, मातीला. मला हसू आलं, हे कबूल करते. खरं तर तिथंच माइक घेऊन सांगायला हवं होतं की मी मळी मोजलेली नाही. पण भाषणं लांबली होती, पंगत खोळंबली होती, आणि अंगावर शाल असली की भांडायला सुचत नाही. मी पंगतीला जाऊन बसले.

दिवाळीनंतर मावशी एसटीनं कॉलेजात आली. ती पुन्हा तक्रार घेऊन गेली होती, तर साहेबांनी माझ्याच अहवालाची झेरॉक्स तिच्या हातात ठेवली होती. वर शेरा होता: जमीन निर्धोक, तक्रार निकाली.

"ही सही तुझीच न्हवं?"

"माझीच," मी म्हणाले. लाजेनं मला तिच्याकडे बघवेना.

ती रागावली नाही. तिनं कागदाची घडी घातली आणि तो माझ्यापुढं ठेवला.

"मग येवढं कर पोरी. एक डाव रानात ये, आन् हरभऱ्याला ह्यो कागद वाचून दाखव. त्याला आजून कळलं न्हाय."