वासूच्या गच्चीवर सुऱ्यांचं ब्लास्टिंग

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. दोन धडधाकट माणसं रोज संध्याकाळी एका गच्चीवर काहीतरी विचित्र करायला लागली, की किस्से आपोआप साचतात. आमची गच्ची सक्करदऱ्यातली, वासूची. वासू माझा शेजारी, शाळेत चित्रकलेचा मास्तर. मी बँकेत. आणि विचित्र काम म्हणजे जुन्या सुऱ्यांच्या पात्यांना घरच्या घरी सँडब्लास्टिंग करणं!

आता ही काय भानगड, ते एकदाच सांगून टाकतो. कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोरावर रेतीसारखे बारीक कण पात्यावर मारायचे. गंज जातो, ओरखडे झाकले जातात, आणि पात्याला एकसारखा राखाडी रंग येतो. चमक अजिबात नाही. वासू त्याला 'मॅट फिनिश' म्हणतो आणि म्हणताना डोळे अर्धे मिटतो.

*

कण चहूकडे उडू नयेत म्हणून बंद पेटी लागते. वासूने जुन्या कूलरचा पत्र्याचा डबा घेतला. वर काच बसवली, समोर दोन गोल भोकं पाडली आणि त्यात कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आतल्या बाजूने लटकवले. हात मोज्यांत घालायचे आणि काचेतून बघत काम करायचं. आत एक बल्बही लावला.

पलीकडच्या घरी एक रिटायर्ड सिस्टरबाई राहतात. सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेलेली. त्या कपडे वाळत घालायला गच्चीवर आल्या, भिंतीवरून वाकून त्यांनी पेटी पाहिली. काच पाहिली, बल्ब पाहिला, मोजे पाहिले. मग हळूच विचारलं,

"मास्तर, बाळ कोणाचं हो?"

*

पहिलं पातं घरच्याच विळीचं. सुनंदावहिनी, म्हणजे वासूची बायको, ड्युटीवर गेल्यावर वासूने विळीचं पातं काढलं आणि मन लावून ब्लास्ट केलं. खरंच सुंदर झालं! नव्यापेक्षा देखणं. वहिनी आल्या, त्यांनी विळी इकडून तिकडून पाहिली आणि म्हणाल्या, "छान दिसून राहिली."

मग वांगं चिरायला बसल्या. वांगं पात्यावर दाबलं, ते घसरलं. पुन्हा दाबलं, तर उडून थेट फ्रिजखाली!

धारेवर चिकटपट्टी लावायची असते, हे आम्हाला माहीतच नव्हतं. कणांनी गंजासोबत धारही खाल्ली होती.

फ्रिजखाली हात घालता घालता वहिनी म्हणाल्या, "आता हिले भिंतीवर टांगा. चित्रकलेचेच मास्तर ना तुम्ही!"

*

काचेचे बारीक मणी मारले की फिनिश आणखी मऊ येतं, असं वासूने कुठेतरी वाचलं. आम्ही जरीपटक्याच्या बाजारात गेलो. हार्डवेअरवाल्याने मान हलवली आणि समोरच्या दुकानाकडे बोट केलं. ते दुकान निघालं बांगड्या-पोतीचं. दुकानदाराने आम्हाला आदराने बसवलं आणि काळ्या मण्यांच्या लडीच लडी समोर मांडल्या.

वासू म्हणाला, "इससे बारीक चाहिए. एकदम आटे के जैसा."

दुकानदाराने आम्हा दोघांकडे नीट पाहून घेतलं. "किसके लिए चाहिए, भैया?"

"मशीन के लिए."

दुकानदार लडी गोळा करत म्हणाला, "पहले मशीन की शादी तो पक्की कर लो!"

*

दोन्ही हात मोज्यांत, पाय हवा सोडायच्या पॅडलवर, पातं अर्धवट झालेलं. नेमकं अशाच वेळी नाक खाजतं. हात काढले तर धरलेलं पातं आत पडतं. वासू खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असा ओरडला, "सुनंदा, जरा नाक खाजवून दे वं!"

वहिनी वर आल्या, पदराने नाक खाजवून दिलं आणि जाताना मला म्हणाल्या, "पाहा भाऊ. लग्नाआधी हे कोणी सांगितलंच नाही मले!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही, पण सांगायलाच हवा. मणी मिळेनात, म्हणून आम्ही कन्हान नदीची रेती आणली, वाळवली, चाळली. तोंडाला रुमाल बांधून मारायला सुरुवात केली. पेटीच्या सांध्यांतून पांढरा धूर निघत होता. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

वहिनी दवाखान्यात छातीचे एक्सरे काढतात. त्या वर आल्या आणि धूर पाहून जागीच थांबल्या. "हे काय मारून राहिले?"

"रेती," वासू म्हणाला. "साधी नदीची."

वहिनींनी आधी कॉम्प्रेसरचं बटन बंद केलं. मग आम्हाला समोर बसवलं आणि खाणीत दगड फोडणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. तो एक्सरेला यायचा. वय आमच्याच आसपास. शेवटी शेवटी त्याला टेबलावर चढतानाही दोन माणसं लागायची. रेतीची ती धूळ छातीत गेली की परत निघत नाही, तिथेच घट्ट होऊन बसते. कोणतंही औषध तिला बाहेर काढत नाही.

वासू खाली मान घालून ऐकत होता. हळूच म्हणाला, "रुमाल तर बांधला होता ना वं."

तेव्हा वहिनी चिडल्या. "सुरी चमकवाच्या नादात फुफ्फुसाले मॅट फिनिश देऊन राहिले का?"

ती रेती त्याच दिवशी ओली करून, पोत्यात बांधून घराबाहेर गेली. पुढे नीट मास्क आला, कारखान्यात वापरतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइड आलं, पेटीला धूळ ओढणारा पंखा लागला. वासू आजही पेटी सुरू करण्याआधी खाली आवाज देतो, "मास्क लावला वं!"

*

आणि आता कट्यारीचा किस्सा.

आमच्या पेटीची कीर्ती ऐकून पारशिवनीहून एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांच्या घरात सगळे त्यांना दादाजी म्हणत, म्हणून आम्हीही. परवावर नातवाचं लग्न आलेलं. त्यांनी दुपट्ट्याची घडी अलगद उलगडली. आत एक कट्यार होती. पूजेतलं तेल, शेंदूर, वर कधीतरी फासलेला काळा रंग, यांचे थरावर थर चढलेले. पातं दिसतच नव्हतं.

"भोसल्यांच्या काळातली होय," दादाजी म्हणाले. "आमच्या पूर्वजाले दरबारातून भेटली. घरातला हरेक नवरदेव हेच हातात धरून मांडवात गेला. पण सांभाळून हो, मास्तर."

वासूने कट्यार दोन्ही हातांनी घेतली. त्याने मूठ कापडात गुंडाळली, धारेला पट्टी लावली, हवेचा दाब कमी केला आणि टोकापासून सुरुवात केली. थर निघत गेले. खालून स्वच्छ, राखाडी पातं वर येत होतं. गंजाचा एक ठिपका नाही! दादाजी काचेला नाक लावून बघत होते. "पाहा, जुन्या काळचं लोखंड!"

वासू मुठीजवळ पोचला आणि त्याने पॅडलवरचा पाय काढला.

मुठीला अगदी लागून, पात्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरं उमटली होती : स्टेनलेस.

दादाजींनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. अक्षरं वाचली. मग चष्मा काढून पुन्हा पुसला.

ते म्हणाले, "मास्तर, अजून एकदा मारलं तर जातीन का हे?"

"नाही, दादाजी. खोल ठोकलेली आहेत. घासत बसलो तर पातंच जाईल."

दादाजींनी कट्यार दुपट्ट्यात परत गुंडाळली. आली होती तितक्याच अलगद. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "लग्नाले या. दोघंही."

आम्ही गेलो. न जाऊन कसं चाललं असतं? मांडव गच्च भरला होता. नवरदेव घोड्यावरून उतरला आणि त्याच्या हातात ती कट्यार उन्हात मंद राखाडी दिसत होती. दादाजी शेजारी ताठ उभे होते. येणारा जाणारा वाकून कट्यारीला हात लावत होता.

कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचायची आपल्याकडे रीत आहे. इथे टोक मोकळं होतं. लिंबू पात्यावरून पार खाली दाबत नेऊन मुठीला भिडवलं होतं.

नवरीकडच्या एका पाहुण्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. त्याने विचारलं, "काहून गा दादाजी, लिंबू इतकं खाली काहून?"

वासूने माझा दंड घट्ट धरला.

दादाजींनी मिशीवरून हात फिरवला आणि मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"भोसल्यांच्या काळात असंच लावत!"