लांबचं की काळोखातलं

माझी आई फोटोत कायम डोळे मिटलेली. फ्लॅशची लाइट पेटायच्या आधीच ती डोळे गच्च मिटून घ्यायची, जशी अंगावर वीजच पडणार होती. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा. "तू मार गे फोटो, माझ्या डोळ्यांचा मी बघतंय," म्हणायची आणि पुन्हा मिटायची!

कॅमेरा भावाने पाठवलेला. तो आखातात नोकरीला होता आणि पाच वर्षं त्याला घरी यायला जमलं नव्हतं. कॅमेऱ्यावर पस्तीस ते सत्तर मिलिमीटरची झूम लेन्स होती. उन्हात झकास, पण आमच्या पेडण्याच्या घरात फ्लॅशशिवाय आंधळी. आणि आई दिवसभर स्वयंपाकघरात. मी फोटो पाठवायची, आई त्यांच्याकडे बघायचीही नाही. तो चिडवायचा, "आई ध्यानाला बसलीय की तुझ्या बडबडीने झोप लागलीय?" मग एक पत्र आलं, त्यात चेष्टा नव्हती. "एकदा तिचे उघडे डोळे पाठव. मला आठवेनासे झालेत."

गोव्याचं नुकतंच राज्य झालं होतं. मी डिचोलीला शाळेत शिकवत होते. मराठी की कोकणी यावरून स्टाफरूममध्ये रोज कडाक्याची भांडणं, आणि गंमत म्हणजे मराठीची बाजूसुद्धा आम्ही तावातावाने कोकणीतूनच मांडायचो. एका शुक्रवारी त्या कलकलाटातून अर्धी रजा टाकून निघाले आणि म्हापशाची बस धरली.

बाजारामागे फोटोचं सामान विकणारा एक म्हातारा होता. मला परवडणार होती एकच लेन्स. त्याने दोन पुढे ठेवल्या. एक एकशेपस्तीसची, लांबोडकी. दुसरी पन्नासची, बुटकी. मी भडकलेच. "पन्नास तर माझ्या झूममध्ये आहेच की! तेच परत घ्यायला मी काय खुळी?"

"आसा," तो शांतपणे म्हणाला, "पूण तिचें तोंड बारीक, हिचें व्हड. हिका उजवाड चड मेळटा." म्हणजे बुटकीचं तोंड मोठं, तिला उजेड जास्त मिळतो.

मी लांबोडकी डोळ्याला लावली. रस्त्यापलीकडच्या फुलवालीच्या नथीतला मोती दिसला! झालं, जीव तिथेच अडकला. नदीपलीकडचा हळर्णचा किल्ला, झाडांच्या शेंड्यावरचे पक्षी, सगळं मनातल्या मनात टिपून मोकळी झाले. म्हातारा बघत होता. म्हणाला, "बाय, तुका लांबचें जाय काय काळखांतलें?"

लांबचं हवं की काळोखातलं? लांबून आलेलं भावाचं पत्र पर्समध्ये होतं, आणि त्याला हवं होतं ते काळोखातलं. बुटकी घेतली. घेतली, पण बस पेडण्याला पोचेपर्यंत त्या म्हाताऱ्याला मनात शिव्या घालत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आदोळीवर बसून नारळ खोवत होती. आदोळी म्हणजे आमची विळी. छपराच्या काचेच्या कौलातून थोडासा उजेड तिच्या खांद्यावर पडला होता. मी उंबऱ्यात बसले, कोपरं गुडघ्यांवर रोवली. तिने डोळे मिटले. मी थांबले. ती थांबली. शेवटी लाइट का पेटत नाही म्हणून तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यात खट्!

"नुसतो खट करता," ती म्हणाली. "लायट खय पेटली? पैसे फुकट घालवलंस." लाइट पेटली नाही म्हणजे फोटो आलाच नाही, असं तिचं पक्कं. ती पुन्हा खोवायला लागली आणि मी अख्खा रोल संपवला.

फोटो धुऊन आले तेव्हा मी तो पहिला तिच्या हातात दिला. तिने पदराला हात पुसले, आणि फोटो कौलाच्या उजेडात धरला. मग तिचे डोळे भरून आले.

"माझ्या आवशीचो फोटो तुका खय गावलो गे?"

आईची आवस, म्हणजे माझी आजी, आई लहान असतानाच वारली. तिचा फोटो कुणी काढलाच नव्हता. आणि बाबा गेल्यापासून आईने कुंकवाचा आरसा भिंतीवरून उतरवून ठेवला होता. स्वतःचा चेहरा तिने किती वर्षांत पाहिला नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि मी घरातच राहत होते!

"अगं, ती तूच," मी म्हटलं.

"शाणी मोठी! माझी आवस माका वळखाक येयना?" तिने डोळे पुसले आणि फोटो माझ्यापुढे धरला. "पाठीमागे लिही कोण ता. तू मास्तरीण मा?"

मला रडू फुटत होतं. मी पेन घेतलं, दोन्ही प्रती उलट्या केल्या, एक भावाची, एक तिची, आणि दोन्हींवर एकच शब्द लिहिला.

"वाच," ती म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

"आई," मी वाचलं.

"बरां," म्हणाली, आणि फोटो छातीशी धरून आत गेली.